डायोनिसस ते डेनिस : एका नावाचा साष्टीपर्यंतचा प्रवास

१

मराठी समीक्षेला डायोनिसस परिचित आहे तो मुख्यतः शोकात्मिकेच्या चर्चेतून. ट्रॅजेडीचा उगम ॲरिस्टॉटलने डिथिरॅम्ब या समूहगीताच्या अग्रगायकांकडे नेऊन जोडला, आणि हे समूहगीत डायोनिससच्या उपासनेतले होते. गो. वि. करंदीकर यांचे ‘ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र’ १९५७ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हापासून हा संदर्भ मराठीच्या अभ्यासक्रमात स्थिरावला. नीत्शेने १८७२ मधील आपल्या ग्रंथात अपोलो आणि डायोनिसस या दोन कलाप्रवृत्तींचे जे द्वंद्व मांडले, तेही मराठी समीक्षकांनी आपलेसे केले. या सर्व वापरात नावाचे रूप मात्र अस्थिर राहिले. कोणी ‘डायोनिसस’ लिहितो, कोणी ‘डायोनायसस’, तर कोणी ‘डायोनिशस’. ग्रंथातून आलेल्या आणि बोलण्यात क्वचितच येणाऱ्या शब्दाची ही खूण आहे. तो वाचला जातो, परंतु हाक मारण्यासाठी वापरला जात नाही.

याच नावापासून निघालेले दुसरे एक रूप मात्र मराठी बोलणाऱ्या घरांत हाक मारण्यासाठीच वापरले जाते. मुंबईच्या उपनगरांतील मरोळ, गुंदवली, आंबोली, गोराई, मनोरी यांसारख्या जुन्या गावठाणांत आणि उत्तरेकडे वसईच्या पट्ट्यात ‘डेनिस’ हे नाव अपरिचित नाही. त्याचे पोर्तुगीज रूप ‘दिनीस’ गोव्यासह या किनाऱ्याला ठाऊक आहे. डेनिस म्हणजे डायोनिससचा, ही व्युत्पत्ती कोणत्याही नामकोशात सापडते. तथापि मराठी समीक्षेतील डायोनिसस आणि गावठाणातील डेनिस यांची एकमेकांशी ओळख असल्याचे दिसत नाही. पहिला इंग्रजी विद्येच्या वाटेने आलेला म्हणून ‘पाश्चात्त्य’ आणि दुसरा चर्चच्या वाटेने आलेला म्हणून ‘परका’, अशी दोघांची स्वतंत्र वर्गवारी झालेली आहे.

प्रस्तुत विवेचनाचा विषय या दोन रूपांमधील अंतर हा आहे. नावाचे ‘मूळ’ कशाला म्हणावयाचे, हा प्रश्न वरवर पाहता भाषाशास्त्राचा आहे. परंतु नावावरून माणसाचे मूळ ठरविण्याची सवय जेथे रूढ आहे, तेथे तो साहित्याचा आणि समाजाचाही प्रश्न होतो.

२

पुराणकथेप्रमाणे डायोनिसस हा झ्यूस आणि थीब्जची राजकन्या सेमेली यांचा पुत्र. झ्यूसचे खरे रूप पाहण्याचा हट्ट सेमेलीने धरला आणि त्या तेजात ती जळून गेली. तिच्या उदरातील गर्भ झ्यूसने आपल्या मांडीत शिवून घेतला आणि दिवस भरल्यावर त्याला जन्म दिला. नायसा नावाच्या पर्वतावर अप्सरांनी त्याचे पालन केले. द्राक्षवेल, मद्य, उन्माद आणि मुखवटा यांचा हा देव. ग्रीक कल्पनेत तो सतत बाहेरून येणारा देव आहे. थीब्ज ही त्याची जन्मभूमी, पण तेथेही त्याला परका म्हणून नाकारले जाते. युरिपिडीजच्या ‘बॅकाय’ या नाटकाचा सगळा संघर्ष या नाकारण्यातून उभा राहतो. आधुनिक संशोधनाने या परकेपणाला वेगळेच वळण दिले. पायलॉस येथील लिनियर बी लिपीतील मृत्पट्टिकांवर या देवाचे नाव वाचले गेले, तेव्हा तो इसवी सनापूर्वी तेराव्या शतकाच्या सुमारासही ग्रीकांच्या घरचाच होता हे स्पष्ट झाले. त्याचे परकेपण हे इतिहासाचे वास्तव नसून कथेची गरज होती, असे म्हणावे लागते.

नावाच्या पूर्वपदात झ्यूसच्या नावाचे षष्ठ्यन्त रूप ‘दिऑस्’ आहे, याविषयी सर्वसाधारण एकमत आहे. उत्तरपदाचा अर्थ मात्र निश्चित झालेला नाही. नायसा पर्वताशी त्याचा संबंध जोडतात, परंतु कथेतील पर्वत नावावरून कल्पिला गेला असण्याचीही तितकीच शक्यता आहे. पूर्वपदाबाबत एक गोष्ट मराठी वाचकाला लक्षणीय वाटेल. ग्रीक ‘झ्यूस’ आणि वैदिक ‘द्यौस्’ ही एकाच इंडो-युरोपीय शब्दाची दोन रूपे आहेत, आणि ‘देव’ व ‘दिवस’ हे शब्दही त्याच धातुकुलातले. म्हणजे डेनिस या नावाचा पहिला वर्ण आणि मराठीतील दिवस यांचे दूरचे नाते आहे.

हे नाते खरे असले तरी त्यावरून काय सिद्ध होते, हे सावधपणे पाहिले पाहिजे. सगोत्रता आणि उसनवारी या भिन्न गोष्टी आहेत. अठराव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्यातील प्राच्यविद्यापंडितांना हा भेद अजून स्पष्ट झालेला नव्हता. फ्रान्सिस विल्फर्डने ‘देव-नहुष’ या नावात डायोनिसस पाहिला. विल्यम जोन्सने त्याच देवाची सांगड रामाशी घातली. त्यांच्याही आधी अलेक्झांडरच्या सैनिकांनी सिंधूच्या पलीकडे नायसा नावाचे नगर शोधले होते आणि तेथील ‘मेरोस’ पर्वताचा संबंध झ्यूसच्या मांडीशी जोडला होता, कारण ग्रीकमध्ये मांडीला ‘मेरोस’ म्हणतात. या पर्वतनामामागे ‘मेरू’ असावा, असे अनेक अभ्यासकांना वाटते. मेगॅस्थिनीसने डायोनिससला भारतात शेती, नगरे आणि कायदे आणणारा आद्य राजा ठरविले. पाचव्या शतकात नॉनस या कवीने अठ्ठेचाळीस सर्गांच्या महाकाव्यात त्याच्या भारतविजयाचे वर्णन केले. ध्वनिसाम्यावर उभारलेल्या या सर्व रचनांचा हेतू जवळजवळ सारखा आहे. जिंकलेला किंवा जिंकावयाचा प्रदेश आपल्याच पुराणात आधीपासून होता, असे त्यांना दाखवावयाचे आहे. व्युत्पत्ती येथे ज्ञानाचे साधन राहत नाही, ती मालकीचा दस्तऐवज होते.

देवाच्या नावापासून माणसाचे नाव कसे झाले, हे अधिक साधे आहे. ‘डायोनिसिओस’ म्हणजे डायोनिससचा, त्याच्याशी संबंधित. ही विशेषणरूप घडण संस्कृतातील तद्धिताशी ताडून पाहता येते. शिवाचा तो शैव, तसा डायोनिससचा तो डायोनिसिओस. शिवदत्त, विष्णुदास, खंडोजी, भैरोबा अशी नावे ठेवणाऱ्या समाजाला देवाच्या आश्रयाने मुलाचे नाव ठेवण्याची ही रीत समजावून सांगण्याचे कारण नाही. ग्रीक जगात हे नाव अत्यंत रूढ होते. सिराक्यूजच्या दोन सत्ताधीशांनी ते धारण केले, आणि असंख्य सामान्य नागरिकांनीही. अशा रूढीत कथेची आठवण प्रत्येक वेळी जागी असेलच असे नाही. ज्याच्या घरी मद्य वर्ज्य आहे असाही डायोनिसिओस असू शकतो.

३

भारताच्या भूमीवर हे नाव प्रथम आले ते राजकारणाच्या वाटेने. ईजिप्तचा राजा दुसरा टॉलेमी फिलाडेल्फस याने डायोनिसिओस नावाचा दूत भारतात पाठविल्याचे प्लिनीने नोंदविले आहे. पुढे इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात पूर्व पंजाबात याच नावाचा एक हिंदी-ग्रीक राजा होऊन गेला. त्याच्या नाण्यांच्या एका बाजूस ग्रीक लेख आहे आणि दुसऱ्या बाजूस खरोष्ठी लिपीतील प्राकृत लेख. तेथे राजाचे नाव ‘दियनिसियस’ असे षष्ठीत येते. भारतीय वर्णमालेत या नावाने घेतलेले हे एक फार जुने रूप म्हणावे लागेल. ग्रीक ‘ओस’ हा प्रथमेचा प्रत्यय गळून त्या जागी प्राकृताचा ‘स’ हा षष्ठीचा प्रत्यय बसला आहे. कानाला अंत्य ‘स’ दोन्हीकडे ऐकू येतो, पण व्याकरण बदललेले आहे.

विदिशेजवळच्या बेसनगर येथील गरुडस्तंभही या संदर्भात लक्षात घ्यावा लागतो. तक्षशिलेचा रहिवासी हेलिओडोरस याने इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात तो उभारला. ‘हेलिओडोरस’ म्हणजे सूर्यदेव हेलिओसची देणगी, आणि स्तंभलेखात त्याच्या पित्याचे नाव ‘दिय’ म्हणजे ‘डिऑन’ असे आहे. यातही झ्यूसचेच नाव दडलेले आहे. असे दोन ग्रीक देव नावात वागविणारा हा दूत स्वतःस ‘भागवत’ म्हणवितो. नाव एका देवाचे आणि भक्ती दुसऱ्याची, यात त्याला विसंगती वाटलेली दिसत नाही.

सह्याद्रीच्या लेण्यांत ही प्रक्रिया आणखी पुढे गेलेली दिसते. कार्ले येथील चैत्यगृहातील अनेक स्तंभ धेनुकाकट येथील ‘यवनां’नी दान दिले आहेत, परंतु त्यांची नावे सिंहधय, धम्म, यसवधन अशी पूर्णपणे एतद्देशीय आहेत. जुन्नर येथील लेखांत इरिल, चिट आणि चंद हे तीन यवन दाते येतात. त्यांपैकी पहिल्या दोन नावांची उकल करताना स्टेन कोनो यांनी १९१२ मध्ये थेट जर्मानिक गॉथांपर्यंत मजल मारली होती. नाशिकच्या पांडवलेण्यांतील लेख तर नामशास्त्राच्या दृष्टीने फारच बोलका आहे. दाता उत्तरेकडील दत्तामित्रीचा योनक, त्याचे नाव इंद्राग्निदत्त आणि त्याच्या वडिलांचे नाव धम्मदेव. एका पिढीत बौद्ध छाया, दुसऱ्या पिढीत वैदिक देवतांची जोडी. ग्रीक उरले आहे ते केवळ गावाच्या नावात. दत्तामित्री म्हणजे डेमेट्रिअस राजाच्या नावाने वसलेले नगर, असे बहुतेक अभ्यासक मानतात. डेमेट्रिअस हा डिमिटर या धान्यदेवतेचा, आणि ‘दत्तामित्री’ ऐकणाऱ्याला मात्र त्यात ‘दत्त’ आणि ‘मित्र’ असे दोन ओळखीचे शब्द ऐकू येतात.

या पहिल्या आगमनाची निष्पत्ती स्पष्ट आहे. ‘यवन’ ही ओळख दानलेखात अभिमानाने कोरली गेली, परंतु नाव बदलले. ग्रीक पुराणकथेतील व्यक्तिनामे कोकण आणि देशावर त्या वाटेने टिकली नाहीत. म्हणून आजचा डेनिस हा सातवाहनकालीन यवनांचा अवशेष आहे, असे म्हणण्यास कसलाही आधार नाही. मध्ये सुमारे पंधराशे वर्षांची शांतता आहे, आणि त्या काळात हे नाव दुसऱ्याच देशांत दुसरेच आयुष्य जगत होते.

४

या दुसऱ्या आयुष्याचा आरंभ अथेन्समध्येच झाला. ‘प्रेषितांची कृत्ये’ या नव्या करारातील पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात पौलाचे अरीयपगावरील भाषण ऐकून विश्वास ठेवणाऱ्यांत एका डायोनिसिओसचे नाव येते. मराठी बायबलात तो ‘दिओनुस्य अरीयपगकर’ झाला आहे. अथेन्सच्या न्यायसभेच्या या सभासदाला भाषांतरकारांनी ‘कर’ हा प्रत्यय लावून मराठी आडनावांच्या पंगतीत बसविले, ही बाब भाषांतराच्या अभ्यासकाने लक्षात ठेवावी अशी आहे. धर्मांतर झाले, पण नाव तेच राहिले. आरंभीच्या ख्रिस्ती समाजात मूर्तिपूजक देवांवरून पडलेली नावे बदलण्याचा आग्रह नव्हता.

पुढील काळात या नावाभोवती व्यक्तींची सरमिसळ झाली. तिसऱ्या शतकात पॅरिसचा बिशप डायोनिसिओस याने रक्तसाक्ष दिली. शिरच्छेदानंतर स्वतःचे मस्तक हातात घेऊन तो चालत गेल्याची आख्यायिका आहे. सुमारे इसवी सन ५०० च्या आसपास एका अज्ञात लेखकाने अरीयपगाच्या डायोनिसिओसचे नाव धारण करून गूढवादी ग्रंथ लिहिले. ईश्वराविषयी जे जे विधान करावे ते ते नाकारीत जाण्याची त्यातील पद्धती भारतीय वाचकाला ‘नेति नेति’ची आठवण करून देते. नवव्या शतकात सेंट डेनिस मठाचा प्रमुख हिल्दुईन याने पौलाचा शिष्य, पॅरिसचा रक्तसाक्षी आणि गूढवादी ग्रंथकार हे तिघे एकच असल्याचे प्रतिपादिले. पंधराव्या शतकात लोरेन्झो वाल्लाने ग्रंथकर्तृत्वाविषयी शंका उपस्थित करीपर्यंत ही एकरूपता पश्चिम युरोपात प्रमाण मानली जात होती. मध्ययुगात नावाची प्रतिष्ठा वाढली ती या गफलतीमुळे. आता ते नाव उच्चारताना मद्याचा देव कोणाला आठवत नव्हता, आठवत होता तो ९ ऑक्टोबरचा संत.

फ्रेंच भाषेने या दीर्घ नावाची झीज करून ‘दनी’ केले, इंग्रजीने ‘डेनिस’ आणि पोर्तुगीजने ‘दिनीस’. नावातला झ्यूस एका अक्षरात आक्रसला. पोर्तुगालमध्ये या नावाला राजमान्यता मिळाली ती दिनीस राजामुळे. त्याचा जन्म ९ ऑक्टोबर १२६१ चा, म्हणजे संत डेनिसच्या सणाचा. १२७९ ते १३२५ या काळात त्याने राज्य केले. तो स्वतः गीतकार होता, त्याच्या नावावर १३७ गीते आहेत, आणि १२९० मध्ये स्थापन झालेले लिस्बनचे विद्यापीठ, जे पुढे कुइंब्रास गेले, तेही त्याच्याच कारकिर्दीतले. कोकण किनाऱ्यावर पोर्तुगीज आले तेव्हा त्यांच्याबरोबर आलेले नाव ग्रीक देवाचे नव्हते. ते एका संताचे आणि एका कविराजाचे नाव होते.

येथे एक विरोधाभास नमूद केला पाहिजे. ट्रेंटच्या परिषदेनंतरच्या कॅथलिक चर्चने नामकरणाविषयी अधिक काटेकोर धोरण स्वीकारले. १६१४ च्या रोमन विधिग्रंथात धर्मगुरूंना अशी सूचना आहे की, स्नानसंस्काराच्या वेळी अश्लील, काल्पनिक किंवा हास्यास्पद नावे, तसेच मिथ्या देवतांची किंवा अधार्मिक मूर्तिपूजकांची नावे ठेवली जाऊ नयेत, आणि शक्य तोवर संतांची नावे दिली जावीत. या नियमाने डायोनिसस हे नाव निषिद्ध ठरते आणि डायोनिसिओस मान्य ठरते. देव दाराबाहेर राहिला आणि त्याचा म्हणून ओळखला जाणारा माणूस आत आला. अपोलोवरून पडलेली अपोलोनिया, रोमन मंगळदेवतेवरून पडलेला मार्टिन, डिमिटरवरून पडलेला डेमेट्रिअस या सर्वांना हाच मार्ग मोकळा होता. संताने एकदा ते नाव धारण केले की त्याचे पूर्वचरित्र विचारले जात नसे. चर्चच्या दृष्टीने नावाचे मूळ शब्दात नव्हते, ते नाव धारण करणाऱ्याच्या चरित्रात होते. व्युत्पत्तीपेक्षा वापर प्रमाण मानण्याचा हा निर्णय होता. तो धर्मशास्त्राने घेतला असला तरी भाषाशास्त्राने त्याची दखल घ्यावी असा आहे.

गोव्यात या निर्णयाचे एक उदाहरण घडले. पिएर बर्थेलो हा फ्रेंच खलाशी पोर्तुगीजांच्या चाकरीत नौकानयक आणि नकाशाकार म्हणून नावाजला होता. त्याने गोव्यात कार्मेलाईट संघात प्रवेश केला आणि ‘जन्मोत्सवाचा डायोनिसिओस’ असे नवे नाव घेतले. १६३८ मध्ये सुमात्रातील आचे येथे तो मारला गेला आणि १९०० मध्ये चर्चने त्याला धन्यवादित घोषित केले. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर एका माणसाने हे नाव स्वेच्छेने स्वीकारले, आणि स्वीकारताना त्याच्यासमोर द्राक्षवेल नव्हती, क्रूस होता.

५

डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्या अंकित प्रदेश पोर्तुगीजांना दिला. त्यात साष्टी हे बेट होते, ज्यावर आजची अंधेरी, बोरिवली, घाटकोपर आणि मुलुंड ही उपनगरे उभी आहेत. फ्रान्सिस्कन आणि जेझुइट मिशनऱ्यांनी येथे चर्चे उभारली. बोरिवलीजवळच्या मंडपेश्वर लेण्याचे चर्चमध्ये रूपांतर झाले. कोंडिविटे येथील १५७९ चे चर्च आज अंधेरीच्या सीप्झ औद्योगिक क्षेत्राच्या आवारात भग्नावस्थेत आहे. स्नानसंस्कार घेणाऱ्याला संताचे नाव आणि बहुधा धर्मपित्याचे पोर्तुगीज आडनाव मिळत असे. शेत, बोली, जातीचे भान आणि लग्नातील बरेचसे विधी मात्र पूर्वीचेच राहिले.

मे १७३९ मध्ये वसई मराठ्यांच्या हाती आली. १७७४ च्या अखेरीस साष्टी इंग्रजांनी घेतली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडे कायम झाली. मधल्या पस्तीस वर्षांत युरोपीय धर्मगुरूंची जागा बहुतांशी एतद्देशीय धर्मगुरूंनी घेतली. नावांच्या इतिहासात हा कालखंड महत्त्वाचा आहे. पोर्तुगीज सत्ता गेली तरी नावे गेली नाहीत. ज्या नावांना सत्तेचा पाठिंबा उरला नव्हता ती लोकांनी स्वतःची म्हणून टिकविली, आणि टिकविताना त्यांची रूपे बदलली. इग्नेशियसचा ‘इनास’, सेबास्तियांवचा ‘बस्त्याव’, पेद्रोचा ‘पेद्रू’, मिगेलचा ‘मिंगेल’ ही किनाऱ्यावरील रूपे पोर्तुगीज व्याकरणाची नाहीत. ती येथील जिभेची आहेत.

एकाच माणसाचे नाव त्याच्या आयुष्यात किती रूपे घेत असे, हे चर्चच्या कारभाराकडे पाहिले म्हणजे उमगते. विधीची भाषा लॅटिन, म्हणून संस्काराच्या वेळी ‘दिओनिसिउस’. १८८६ ते १९२८ या काळात साष्टीतील अनेक धर्मग्राम पोर्तुगीज ‘पाद्रोआदो’च्या अधिकाराखालील दमण धर्मप्रांतात होते, त्या परंपरेत रूप ‘दिओनिझिओ’ किंवा ‘दिनीस’. इंग्रजी शाळेच्या हजेरीपटावर आणि रेल्वेच्या किंवा जकातीच्या कचेरीत ‘डेनिस’. घरी आणि शेतात मराठी बोलीतील हाक. चार लिप्यंतरांच्या या उतरंडीत शेवटी इंग्रजी रूप वर आले, कारण पोट त्या भाषेवर अवलंबून होते.

नाव आणि उपजीविका यांचा हा संबंध १८८७ मध्ये उघडपणे प्रकट झाला. पोर्तुगीज नावांमुळे साष्टीतील मूळ रहिवासी आणि गोव्याहून आलेले पोर्तुगीज प्रजाजन यांच्यात सरकारदरबारी भेद केला जात नसे. आपण इंग्रजांचे जुने प्रजाजन आहोत हे ठसविण्यासाठी या समाजाने व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात ‘बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन’ स्थापन केली आणि ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले. व्यक्तींची नावे बदलणे शक्य नव्हते, म्हणून समाजाने स्वतःचे नाव बदलले. विसाव्या शतकात या नावाचाही अर्थ उलटला. मराठी राज्याच्या राजधानीत ‘ईस्ट इंडियन’ हे नाव ऐकणाऱ्याला तो समाज मराठी आहे हे स्वतंत्रपणे सांगावे लागते.

मराठी साहित्यव्यवहारातही हेच घडत आले आहे. कथेतील एखाद्या पात्राचे नाव डेनिस असले की वाचक त्याच्या तोंडी इंग्रजीमिश्रित हिंदी किंवा मोडके मराठी अपेक्षितो. नाव हीच पात्राची भाषा आहे असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात ज्या घरांत हे नाव ठेवले जाते त्यांतील अनेक घरांची बोली उत्तर कोकणातील मराठीची शाखा आहे. व्याकरणाच्या दृष्टीनेही ‘डेनिस’ मराठीत पूर्ण मुरलेला आहे. तो ‘डेनिसला’, ‘डेनिसचा’, ‘डेनिसमामा’ अशी रूपे ‘गणेश’ किंवा ‘महेश’ इतक्याच सहजपणे घेतो. भाषेने ज्याला विभक्ती दिली त्याला साहित्यविचाराने नागरिकत्व नाकारावे, ही विसंगती आहे. देशीयतेच्या चर्चेत भूमी आणि बोली यांना प्रमाण मानले जाते. त्या प्रमाणाने पाहता साष्टीतील शेतकरी आणि मच्छीमार यांची नावे देशीयतेच्या बाहेर ठेवता येणार नाहीत.

या नावांना आता सक्ती राहिलेली नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे. १९१७ च्या चर्चसंहितेप्रमाणे पालकांनी ख्रिस्ती नाव न सुचविल्यास धर्मगुरूने संताचे नाव स्वतः जोडून दोन्ही नावे नोंदवावयाची होती. १९८३ च्या संहितेने ही अट सैल केली. ख्रिस्ती भावनेस विसंगत नाव नसावे, इतकीच अपेक्षा उरली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर लोकभाषेतील उपासनेबरोबर भारतीय नावेही कॅथलिक घरांत मोठ्या प्रमाणावर आली. आता जे पालक डेनिस हे नाव निवडतात ते आजोबांच्या आठवणीने निवडतात, संताच्या श्रद्धेने निवडतात किंवा केवळ ते कानाला बरे वाटते म्हणून निवडतात. या तिन्ही कारणांत सेमेली, नायसा किंवा झ्यूसची मांडी कोठेही नाही.

६

नावाचे मूळ पुराणकथेत असते, हे विधान म्हणूनच अर्धवट ठरते. पुराणकथा नावाला एकदा जन्म देते; त्यानंतर ते प्रत्येक ठिकाणी नव्याने जन्मते. नाण्यावरचा ‘दियनिसिय’, अथेन्सच्या न्यायसभेतला डायोनिसिओस, पॅरिसचा रक्तसाक्षी, लिस्बनचा कविराजा, गोव्याचा कार्मेलाईट आणि मरोळचा डेनिस यांना जोडणारी साखळी अखंड नाही. काही ठिकाणी ती गैरसमजाने जोडली गेली आहे, काही ठिकाणी पूर्णपणे तुटली आहे. नाव टिकले ते आपली कथा विसरल्यामुळे. ती आठवत राहिली असती तर १६१४ च्या नियमाने ते वगळले असते.

हीच प्रक्रिया उलट दिशेनेही घडली, आणि तिची खूण उपनगरातच आहे. बोरिवलीच्या डोंगरातील कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी कल्याण, सोपारा, नाशिक आणि चौल येथील दात्यांच्या दानावर वाढली. पोर्तुगीज इतिहासकार दियोगो दो कुतो याने या लेण्यांविषयी लिहिताना संत जोसाफतची कथा आठवली. पित्याने राजवाड्यात कोंडून ठेवलेला आणि जरा, व्याधी व मृत्यू पाहून विरक्त झालेला हा हिंदी राजपुत्र मध्ययुगीन युरोपात अत्यंत लोकप्रिय होता, आणि रोमन हुतात्मासूचीत २७ नोव्हेंबरला त्याचे स्मरण होते. त्याचे नाव ‘बोधिसत्त्व’ या शब्दाचे अरबी, जॉर्जियन आणि ग्रीक मुखांतून झिजलेले रूप आहे, हे एकोणिसाव्या शतकातील संशोधनाने दाखवून दिले. बुद्धाची लेणी पाहताना बुद्धाचेच ख्रिस्ती रूप त्या पोर्तुगीजास आठवले.

डायोनिसस आणि बोधिसत्त्व या दोघांनीही आपापले नाव संताच्या हवाली केले आणि दोन्ही नावांचे प्रवास साष्टीत एकमेकांना ओलांडून गेले. यातून सर्व संस्कृती एकच आहेत असा सोयीस्कर निष्कर्ष काढण्याचे कारण नाही. द्यौस् आणि झ्यूस यांची सगोत्रता दाखवून डेनिसला ‘मुळात आपलाच’ ठरविणे हेदेखील विल्फर्डच्या देव-नहुषाचेच पुढचे पाऊल होईल. हे नाव या भूमीवर उच्चारले गेले, त्याला येथील प्रत्यय लागले, त्याच्या मागे येथील मामा, काका आणि बाबा लागले. एवढा आधार त्याला पुरेसा आहे. मराठी नामकोश जेव्हा केव्हा साकल्याने रचला जाईल, तेव्हा ‘डेनिस’ या नोंदीपुढे ‘ग्रीक’ हे एकच अक्षरसंक्षेप न देता हा सर्व मार्ग दर्शवावा लागेल, आणि त्या मार्गाचा शेवटचा टप्पा म्हणून ‘उत्तर कोकणी मराठी’ असेही लिहावे लागेल.